पेलेट स्टोव्ह: कोणत्या पोत्यात किती ऊब, किती राख, हे घरीच कसं मोजायचं

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या दक्षिण भागात आम्ही घर घेतलं तेव्हा तळघरात तेलावरची फर्नेस होती आणि बैठकीच्या खोलीत आधीच्या मालकांनी ठेवून दिलेला पेलेट स्टोव्ह, म्हणजे दाबलेल्या भुश्याच्या बारीक कांड्या (पेलेट) जाळून खोली तापवणारा स्टोव्ह. पहिल्याच ऑक्टोबरात एका मोठ्या दुकानाच्या अंगणात रचलेल्या पोत्यांतली सगळ्यांत स्वस्त दोन टन पोती मी उचलून आणली. जानेवारीतल्या एका पहाटे उठलो तर स्टोव्ह थंडगार. आतल्या लोखंडी वाटीत राखेचा काळा, काचेसारखा चमकणारा गोळा बसला होता, वीटभट्टीत खंगर होतो ना, अगदी तसा. हवा यायची भोकं त्याने पार बुजवली होती. तो ठोकून काढायला वीस मिनिटं लागली. पुढे त्या दोन टनांत हे जवळजवळ रोज सकाळी करावं लागलं.

त्यानंतरचे चार हिवाळे मी प्रत्येक ब्रँडची नोंद वहीत ठेवली. इकडे नवीन आलेल्या, घराबरोबर पेलेट स्टोव्ह मिळालेल्या किंवा तेलाचं बिल बघून तो घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींना तो घोळ पुन्हा घालावा लागू नये, म्हणून हे लिहितो आहे. आकडे अमेरिकेतल्या पद्धतीने पौंडात आणि फॅरनहाइटमध्ये दिले आहेत. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीत राहणाऱ्यांनी पोतं ४० पौंडांऐवजी १५ किलोचं धरावं. मोजायची रीत तीच.

१. चुलीवरून आलेली समज इथे लागू होत नाही

आपल्याकडे चुलीपाशी वाढलेल्या कुणालाही माहीत असतं की बाभळीचं लाकूड घातलं की निखारा टिकतो आणि हलकं लाकूड भसकन पेटून जातं. म्हणून इथे आल्यावर आपण ओक, मेपलचे, म्हणजे कठीण लाकडाचे पेलेट चांगले असणार असं धरून चालतो. मीही तेच धरलं होतं.

ओंडक्याच्या बाबतीत ते खरं आहे, कारण कठीण लाकूड घट्ट असतं आणि एका ओंडक्यात जास्त वजन मावतं. पेलेट करताना मात्र भुसा वाळवून प्रचंड दाबाखाली साच्याच्या बारीक भोकांतून काढतात. लाकडातलं लिग्निन उष्णतेने मऊ होतं आणि तोच डिंकासारखा बांधून ठेवतो. पाइन असो वा ओक, दोन्हींची कांडी जवळपास सारखीच घट्ट होते. मग उरतो तो किलोमागे उष्णतेचा प्रश्न, आणि तिथे मऊ लाकूड थोडं पुढेच असतं, कारण पाइन, स्प्रूस, डग्लस फर या झाडांत राळ आणि लिग्निन जास्त. साधारणपणे पौंडामागे ८,००० ते ८,५०० बीटीयू (हे उष्णता मोजायचं एकक) धरतात. मऊ लाकूड वरच्या टोकाकडे, कठीण लाकूड खालच्या. फरक चार-पाच टक्क्यांचा. राखही मऊ लाकडाच्या चांगल्या पेलेटची बहुधा कमी निघते.

हा फरक ओलाव्याने सहज पुसला जातो. चार टक्के ओलावा असलेल्या ४० पौंडांच्या पोत्यात १.६ पौंड पाणी असतं, आठ टक्क्यांच्या पोत्यात ३.२ पौंड. जास्तीचं पाणी तुम्ही लाकडाच्या भावाने विकत घेता, आणि त्याची वाफ करायलाही तुमचीच उष्णता खर्च होते. तेव्हा पोत्यावर झाड कोणतं छापलंय एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

२. पोत्यावरची अक्षरं कशी वाचायची

'प्रीमियम' हा शब्द कुणीही छापू शकतो. शोधायचा तो दर्जाचा शिक्का. अमेरिकेत पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएफआय, या संस्थेची मानकं आहेत. त्यांच्या प्रीमियम दर्जाला राख जास्तीत जास्त १ टक्का, ओलावा ८ टक्के आणि पोत्यातली भुकटी अर्धा टक्का. स्टँडर्ड दर्जाला राख २ टक्क्यांपर्यंत चालते आणि युटिलिटीला ६ टक्क्यांपर्यंत. युरोपात ईएनप्लस हा शिक्का बघा; त्यातल्या ए१ दर्जाला राखेची मर्यादा ०.७ टक्के आहे आणि राख १,२०० अंश सेल्सियसच्या आत मऊ पडता कामा नये अशीही अट आहे. ही दुसरी अट मला फार मोलाची वाटते, कारण खंगर धरतो तो नेमका राख वितळल्यामुळे.

एक टक्का आणि अर्धा टक्का हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. टनात, म्हणजे ५० पोत्यांत, २,००० पौंड येतात. एक टक्का म्हणजे २० पौंड राख, अर्धा टक्का म्हणजे १०. हिवाळ्यात तीन टन जाळत असाल तर ३० पौंड राख जास्त काढायची की नाही, हा तो प्रश्न आहे.

पोत्याच्या शिवणीजवळ बहुतेक वेळा तारखेचा किंवा गिरणीचा कोड असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. एकच ब्रँड दोन वेगळ्या गिरण्यांत तयार होऊ शकतो, आणि गेल्या वर्षी उत्तम निघालेला ब्रँड या वर्षी वेगळ्या भुश्याचा असू शकतो.

३. हाताशी काय लागेल

साधनं:

- स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, ग्रॅममध्ये दाखवणारा
- विमानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा (आपल्या प्रत्येकाच्या घरी असतोच)
- तारेच्या टोकाचा थर्मामीटर, निदान ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत वाचणारा
- एक लिटरचं माप
- साधारण ३ मिलिमीटर भोकांची चाळण
- घट्ट झाकणाची लोखंडी बादली
- राखेसाठीच बनवलेला व्हॅक्यूम, ब्रश, खरवडायला पातळ पट्टी
- धुळीसाठी मास्क
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, चालू असलेला

कागद:

- तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल. घराबरोबर मिळालं नसेल तर स्टोव्हच्या मागच्या पट्टीवरचा नंबर टिपून उत्पादकाकडून मिळवा.
- स्टोव्ह बसवताना टाउनने दिलेलं परमिट आणि तपासणीचा कागद. जुन्या मालकांकडे नसेल तर टाउनच्या बिल्डिंग किंवा फायर खात्यात विचारा.
- घराच्या विमा कंपनीला स्टोव्हची माहिती दिल्याचा पुरावा. हे घर घेतानाच करा.
- पेलेटच्या पावत्या आणि पोत्यांच्या कोडचे फोटो.

साधा घरगुती व्हॅक्यूम राखेला कधीही लावू नका. राखेत दडलेली एक ठिणगी आतल्या फिल्टरला आग लावायला पुरते, आणि बारीक राख फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर पसरते.

४. जाळण्याआधी पोतं पारखा

तुलनेसाठी प्रत्येक ब्रँडची सहा पोती घ्या, जास्त नको. पाच जाळायची, एक पारखायला आणि स्टोव्हच्या नळीत राहिलेला जुना माल जाळून संपवायला.

पहिली परीक्षा चाळणीची. पोतं कापून दोन किलो पेलेट तोला, चाळा आणि खाली पडलेली भुकटी तोला. वीस ग्रॅम म्हणजे एक टक्का. मी हे घराबाहेर डेकवर, वर्तमानपत्र अंथरून करतो. आमच्या आईची गहू चाळायची चाळण इथे कामाला आली. चांगल्या पोत्यातून दोन किलोमागे चमचा-दोन चमचे भुकटी पडते. मूठभर पडली तर पोतं आपटत आलंय किंवा पेलेटच ठिसूळ आहे. भुकटी स्टोव्हच्या टाकीच्या, म्हणजे पेलेट ओततो त्या कप्प्याच्या, तळाशी साठते, पेलेटची धार अडवते आणि जळण्याआधीच उडून काजळी धरते.

दुसरी परीक्षा लिटरच्या मापाची, आणि हीच सगळ्यांत उपयोगी. माप पेलेटने भरा, तीनदा हलकेच आपटा, वर राहिलेली जागा भरून सपाट करा आणि तोला. ६४० ते ७३५ ग्रॅमच्या दरम्यान काटा थांबायला हवा. पीएफआयने घालून दिलेली घनता यात बसते. आलेला आकडा वहीत लिहा. तो कशाला लागतो ते पुढे सहाव्या पायरीत कळेल.

तिसरी परीक्षा ओलाव्याची. १०० ग्रॅम पेलेट ताटात एका थरात पसरून ओव्हनमध्ये साधारण २२० अंश फॅरनहाइटला ठेवा. तीन तासांनी तोला, पुन्हा तासाभराने तोला. वजन उतरायचं थांबलं की जितके ग्रॅम गेले तितके टक्के ओलावा. ओव्हन पूर्ण वेळ डोळ्यांसमोर ठेवा. घरात ओल्या लाकडाचा वास येतो, चालतं.

पेलेटची लांबीही बघा. काही ब्रँडच्या कांड्या अर्ध्या पेराएवढ्या, काहींच्या दीड इंचाच्या. फार लांब कांड्या टाकीच्या तोंडाशी आडव्या पडून अडकतात.

५. दोन्ही ब्रँडना सारखाच स्टोव्ह द्या

माझी पहिली तुलना इथेच फुकट गेली होती. स्वच्छ स्टोव्हमध्ये पहिला ब्रँड जाळला, मग तसाच दुसरा. दुसरा 'कमी ऊब देणारा' ठरला. खरं तर पहिल्याने उष्णता देणाऱ्या नळ्यांवर राखेचा थर धरून ठेवला होता, आणि राख उष्णता अडवते.

प्रत्येक ब्रँडच्या आधी एवढं करा. स्टोव्ह पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो रात्रभर, आणि हात घालण्याआधी प्लग काढा. बर्न पॉट, म्हणजे जिथे जाळ असतो ती लोखंडी वाटी, बाहेर काढून खरवडा आणि तिचं एकेक भोक मोकळं करा. नळ्या ब्रशने घासा. राखेचा कप्पा आणि त्यामागचे कोनाडे रिकामे करा. काच पुसा. दाराच्या कडेची दोरी कुठे सैल झाली आहे का ते कागदाने तपासा: दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा; सहज निघाली तर तिथून हवा आत शिरते आणि जाळ बिघडतो.

मग टाकीतले जुने पेलेट काढून टाका. फिरत्या स्क्रूच्या नळीत, ज्याला ऑगर म्हणतात, पाऊण-एक पौंड जुना माल राहतोच. म्हणून नव्या ब्रँडचे पाच-सहा पौंड आधी जाळा, ते मोजणीत धरू नका, आणि त्यांची राख स्टोव्ह थंड झाल्यावर काढून टाका. तुलना चालू असताना दोन ब्रँड मिसळू नका.

६. उष्णता मोजा, पण बटणाच्या आकड्यावर नाही

सगळी गफलत होते ती या पायरीत.

तुम्ही स्टोव्ह '३' वर ठेवता तेव्हा तीन नंबरची उष्णता मिळत नाही. ऑगर ठरावीक वेळ फिरतो, एवढंच. एका फेऱ्यात जेवढी जागा, तेवढे पेलेट तो ढकलतो. म्हणजे स्टोव्ह पेलेट मापाने घालतो, वजनाने नाही. आखूड आणि घट्ट पेलेट असतील तर त्याच जागेत जास्त वजन बसतं, जाळ मोठा होतो आणि आपण म्हणतो, 'हा ब्रँड काय तापतो!' तापतो, कारण तो जास्त जळतो आहे. पोतं संपायला आलं की मग लक्षात येतं. लिटरच्या मापाचं वजन टिपायला सांगितलं ते यासाठी: ज्याचं माप जड, तो त्याच बटणावर जास्त धगधगणार हे आधीच ओळखता येतं.

मोजणी अशी करा:

पहिलं, खोलीत हवा फेकणारा पंखा आपोआप वेग बदलत असेल तर तो हाताने एका वेगावर पक्का करा. हे राहिलं तर पुढचे सगळे आकडे निरर्थक आहेत.

दुसरं, थर्मामीटरची तार गरम हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर, दोन्ही वेळेला अगदी त्याच जागी टेकवा. मी जाळीवर खडूने खूण केली आहे. खोलीचं तापमान मोजायला दुसरा थर्मामीटर स्टोव्हपासून दूर ठेवा.

तिसरं, टाकीच्या आत एका उंचीवर खूण करा. स्टोव्ह तासभर चालून स्थिर झाला की खुणेपर्यंत पेलेट भरा आणि वेळ लिहा. आठ तास तीच सेटिंग ठेवा. दर दोन तासांनी दोन्ही तापमानं लिहा. आठ तासांनी पुन्हा खुणेपर्यंत भरा आणि भरायला किती वजन लागलं ते तोलून बघा. टाकीचं झाकण उघडल्यावर काही स्टोव्हमध्ये ऑगर थांबतो, म्हणून भरणं झटपट उरका आणि झाकण नीट लावा.

आता हिशेब. जाळीवरच्या हवेच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि तासाला जळलेल्या पौंडांनी भागा.

समजा पहिल्या ब्रँडला हवा १९० अंश, खोली ६८, म्हणजे फरक १२२. आठ तासांत २० पौंड जळले, म्हणजे तासाला अडीच. १२२ भागिले २.५ म्हणजे ४८.८. दुसऱ्या ब्रँडला हवा २०५ अंश, खोली तीच, फरक १३७. पण जळले २३.२ पौंड, तासाला २.९. १३७ भागिले २.९ म्हणजे ४७.२.

हात धरून पाहिलं तर दुसरा जास्त गरम. पौंडामागे पाहिलं तर दोघं सारखेच. 'सारखेच' मुद्दाम म्हणतो, कारण घरगुती मोजणीत पाच टक्क्यांच्या आतला फरक मी फरक मानत नाही. तेवढा तर बाहेरच्या वाऱ्यानेही पडतो.

ज्यांना पूर्ण घराचा हिशेब हवा आहे त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे, हवामानाच्या डिग्री-दिवसांची. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी ६५ मधून वजा करायची. कमाल ३४ आणि किमान १६ असेल तर सरासरी २५, म्हणजे त्या दिवशी ४० डिग्री-दिवस. त्या दिवशी ६० पौंड जळले तर डिग्री-दिवसाला दीड पौंड. असे निदान सात दिवस एका ब्रँडचे आणि सात दुसऱ्याचे बेरजेने बघा. त्या काळात फर्नेस मध्येच चालू होत असेल तर मात्र ही रीत सोडून द्या.

७. राख तोला, नजरेने मापू नका

राखेचा कप्पा भरलेला दिसला म्हणजे राख जास्त, असं नसतं. काही पेलेटची राख कापसासारखी फुगीर असते, काहींची दाबून बसलेली. काटाच खरं सांगतो.

पाच पोती, म्हणजे २०० पौंड, पूर्ण जळू द्या. मधल्या काळात रोज वाटीतून काढलेली राख लोखंडी बादलीत जमा करा, फेकू नका. शेवटी स्टोव्ह थंड करून वाटी, कप्पा, नळ्या, कोनाडे, सगळीकडची राख ब्रशने त्याच बादलीत घ्या. बादली घराबाहेर दगडावर किंवा काँक्रीटवर झाकण लावून चार दिवस ठेवा, मगच तोला. २०० पौंडांमागे एक टक्का म्हणजे दोन पौंड, ९०७ ग्रॅम. चारशेच्या आत आली तर पेलेट फार स्वच्छ आहे.

थोडी राख धुराड्यातून निघून जाते, त्यामुळे तुमचा आकडा प्रयोगशाळेपेक्षा जरा कमी येईल. त्याच्या उलट, राखेत काळे न जळलेले तुकडे असतील तर वजन फुगतं. ते चाळून वेगळे तोला. ते पेलेटचे नव्हेत, हवा कमी पडल्याचे आहेत.

८. खंगर, काच आणि ज्योत

खंगर किती धरला हे वहीत वेगळं लिहा, कारण राख कमी असूनही खंगर धरणारे पेलेट असतात. साल आणि माती मिसळलेल्या भुश्यात वाळू, म्हणजे सिलिका, असते. ती पोटॅशियमबरोबर आली की राख कमी तापमानालाच वितळते. स्वच्छ लाकडाची राख सकाळी फुंकर मारली तर उडावी अशी मऊ, फिकट करडी असते. माझ्या दृष्टीने, दोन टक्के ऊब कमी देणारा पण खंगर न धरणारा पेलेट केव्हाही बरा. शून्याखालच्या रात्री स्टोव्ह पहाटेपर्यंत चालू राहणं महत्त्वाचं.

ज्योत आखूड, उजळ पिवळी, सारखी थरथरणारी हवी. नारिंगी, उंच आणि सुस्त डोलणारी ज्योत म्हणजे हवा कमी. काच दिवसभरात फिकट करडी झाली तर ठीक. काळी कुळकुळीत झाली तर पेलेटला दोष देण्याआधी हवेचं डँपर (जाळाला मिळणारी हवा कमी-जास्त करायची झडप), बुजलेली भोकं आणि धुराडं तपासा. ब्रँड बदलला की डँपरही थोडं बदलावं लागतं, हे मला दुसऱ्या हिवाळ्यात समजलं. तुलनेत प्रत्येक ब्रँडला त्याची योग्य ज्योत आणून द्या आणि डँपर कुठे होतं ते लिहा.

मक्याचे दाणे, गवताचे पेलेट, मांस भाजायच्या ग्रिलचे स्वादाचे पेलेट मॅन्युअलने परवानगी दिल्याशिवाय घालू नका.

९. पैशांचा हिशेब

पौंडाला ८,२०० बीटीयू धरले तर टनात १ कोटी ६४ लाख बीटीयू होतात. फर्नेसच्या तेलाच्या गॅलनमध्ये साधारण १,३८,५०० असतात. म्हणजे पेलेटचा एक टन सुमारे ११८ गॅलन तेलाच्या तोडीचा. तेलाचा आजचा भाव ११८ ने गुणा, टनाच्या भावाशी ताडून बघा. स्टोव्ह आणि फर्नेस दोन्हींत काही उष्णता धुराड्यातून जातेच, म्हणून हा अंदाज आहे, पण चांगला अंदाज आहे.

दोन ब्रँडमध्ये निवडताना समजा पहिला ३४० डॉलर टन, राख ०.९ टक्के; दुसरा ३७५ डॉलर, राख ०.४ टक्के, ऊब सारखी. तीन टनांत १०५ डॉलरचा फरक आणि राख ५४ पौंडांऐवजी २४. मी स्वतः दुसरा घेतो, कारण आमच्याकडे सकाळी साफसफाईला दहा मिनिटंही नसतात आणि सासूबाईंना राखेची धूळ सोसत नाही. तुमच्या घरात कुणी दिवसभर असेल आणि वाकायला त्रास नसेल तर पहिला घ्या.

डग्लस फरचे पेलेट ब्रिटिश कोलंबिया आणि पॅसिफिक किनाऱ्याकडून इथवर येतात. त्यांच्या भावात रेल्वे-ट्रकचं भाडं असतं. जवळच्या गिरणीचा चांगला पेलेट मिळाला तर तो आधी तपासा.

१०. राखेची विल्हेवाट

राखेतला निखारा तीन-चार दिवस जिवंत राहू शकतो. ती कागदी पिशवीत, प्लास्टिकच्या डब्यात, गॅरेजमध्ये किंवा लाकडी डेकवर ठेवू नका. झाकणाची लोखंडी बादली, घरापासून दूर, जमिनीवर.

थंड झालेली राख बागेत वापरता येते. न्यू इंग्लंडची, म्हणजे ईशान्य अमेरिकेतल्या आमच्या या भागाची, माती आम्लधर्मी असते. राख तिची आम्लता उतरवते आणि पालाश देते. १,००० चौरस फुटांना वर्षाकाठी २० पौंडांपेक्षा जास्त नको. ब्लूबेरी, रोडोडेंड्रॉन यांना अजिबात नको, बटाट्यालाही नको. युरियासारख्या नत्राच्या खताबरोबर मिसळू नका, अमोनिया सुटतो. आमच्या मेथीच्या वाफ्यात मी वसंतात चिमूट-चिमूट भुरभुरतो. गावाकडे राखेने भांडी घासायचे किंवा कडधान्यं राखेत ठेवायचे, तो वापर इथल्या पेलेटच्या राखेचा करू नका. भुश्याबरोबर काय आलंय ते आपल्याला माहीत नसतं.

११. टनाने घेताना

तुलना फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका आणि टनाची ऑर्डर वसंतात किंवा उन्हाळ्यात द्या. थंडी पडल्यावर चांगला ब्रँड आधी संपतो आणि जे शिल्लक असतं ते घ्यावं लागतं.

ठेवायची जागा कोरडी हवी. पेलेटला पाणी लागलं की तो फुगून पुन्हा भुसा होतो, आणि फाटक्या पोत्याला तळघराची ओलही पुरते. पोती जमिनीवर थेट न ठेवता लाकडी फळ्यांवर रचा, भिंतीपासून हातभर सोडून. पोत्यांऐवजी मोठ्या बंद कोठीत सुटे पेलेट भरणार असाल तर लक्षात ठेवा की ताज्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. अशा कोठीत हवा खेळल्याशिवाय डोकंही घालू नका. आणि वीज गेली की स्टोव्हचे पंखे थांबतात, उरलेल्या जाळाचा धूर घरात येऊ शकतो, म्हणून अलार्मची बॅटरी थंडीच्या आधी बदला.

ट्रक आला की सही करण्याआधी पोती मोजा, टनाला ५०. वरचं प्लास्टिक फाटलंय का, खालच्या थरातली पोती कडक गोळा झालीत का ते दाबून बघा. मग खालच्याच थरातलं एक पोतं उघडा, चाळणीतून दोन किलो काढा, लिटरचं माप भरून तोला आणि वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी आजचा आकडा आणि पोत्यावरचा कोड लिहा.